कुलपाचे चिन्ह आणि मावशीचे दोन प्रश्न

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मावशीने भजनी मंडळातल्या सहा जणींसाठी एका देवस्थानाच्या भक्तनिवासात दोन खोल्या आरक्षित केल्या आणि त्यासाठी ३,२०० रुपये यूपीआयने भरले. पावती लगेच आली. तिच्यावर देवस्थानाचे बोधचिन्ह होते, खोल्यांचे क्रमांक होते, खाली शिक्काही होता. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला, की पडताळणी अपुरी राहिली असून परत मिळणाऱ्या अनामतीपोटी आणखी ५,००० रुपये भरावे लागतील. तेव्हा तिला शंका आली. खऱ्या भक्तनिवासाच्या कार्यालयात विचारले, तर तिथे अशा आरक्षणाची नोंदच नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, कारण अशा प्रकरणात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने सरकवले जातात आणि तक्रार जितकी लवकर होईल तितकी ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते. आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

मावशीला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. ती मला म्हणाली, ‘‘अरे, तूच सांगितलं होतंस ना, आधी पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप बघायचं म्हणून? कुलूप होतं रे! मी बघूनच पैसे भरले.’’ आणि थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न विचारला. ‘‘आम्ही जाणार हे मी शेजारीसुद्धा बोलले नव्हते. आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर यात्रा कंपन्या, भाड्याच्या गाड्या, गुडघ्याचे पट्टे, सगळ्याच्या जाहिराती सुरू झाल्या. यांना कोण सांगतं?’’

गेली चौदा वर्षे मी सांगलीत लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे बनवतो आणि सांभाळतो. म्हणजे हे दोन्ही प्रश्न माझ्याच कामातले आहेत, आणि पहिल्या प्रश्नात तर माझाच जुना सल्ला तिच्या कामी आला नाही. तिला त्या दिवशी जे घाईघाईने सांगितले ते इथे नीट लिहीत आहे.

कुलूप पाहण्याचा सल्ला मी दिला तेव्हा तो चुकीचा नव्हता. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचे एक एक्स्टेन्शन सर्वांसाठी खुले केले होते. कुठल्याही उघड्या वायफायवर बसून ते चालू केले, की त्याच वायफायवर फेसबुक वापरणाऱ्या लोकांची नावे आणि छायाचित्रे बाजूच्या पट्टीत दिसू लागत, आणि एखाद्या नावावर क्लिक केले की थेट त्या माणसाच्या खात्यात शिरता येई. त्यासाठी पासवर्ड ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण लॉगिन झाल्यावर ओळखीची जी खूण ब्राउझर आणि सर्व्हर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते तो संगणक) यांच्यात सतत ये-जा करते, ती त्या काळी बहुतेक ठिकाणी उघडीच फिरत असे. बटलरला हेच लोकांच्या नजरेस आणायचे होते. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असले आणि कुलूप दिसले, तर ही ये-जा कूटबद्ध होते आणि वाटेत बसलेल्याला ती वाचता येत नाही. त्या दिवसांत या कुलपासाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत आणि ते बसवण्याची खटपटही मोठी होती, त्यामुळे बँका, रेल्वे आणि मोठी दुकाने यांच्याकडेच कुलूप असे; लुच्चे लोक त्या भानगडीत पडत नसत. माझ्या सल्ल्याचा आधार एवढाच होता.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि प्रमाणपत्र फुकट मिळू लागले, तेही काही मिनिटांत आणि कुठलाही माणूस मध्ये न येता. मी या सेवेचा मनापासून ऋणी आहे. माझ्याकडच्या पतसंस्था, बियाण्यांची दुकाने, मंगल कार्यालये यांना हजारो रुपये खर्चून प्रमाणपत्र घेणे कधीच परवडले नसते. जुलै २०१८ पासून क्रोमने कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवायला सुरुवात केली आणि उरलेली मंडळीही हलली. वाटेवर कान लावून बसण्याचा धंदा यामुळे खरोखर मोडला.

मात्र हे प्रमाणपत्र देताना तपासले काय जाते, तर मागणारा माणूस त्या पत्त्याचा ताबा राखून आहे की नाही, एवढेच. तो देवस्थानाचा विश्वस्त आहे की भाड्याच्या खोलीत बसलेला भामटा आहे, याच्याशी त्या तपासणीचा काही संबंध नसतो. लाख लावून मोहोर केलेले पाकीट वाटेत कुणी फोडले नाही, एवढीच हमी मोहोर देते. पाकीट चोराच्याच पत्त्यावर धाडले असेल तर ते शाबूत पोहोचणार. मावशीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिचे नाव, फोन क्रमांक आणि सहा जणींची आधार कार्डे अत्यंत सुरक्षितपणे, वाटेत कुणाच्याही हाती न लागता, फसवणाऱ्यापर्यंत पोहोचली.

हा गैरसमज मावशीचा एकटीचा नाही. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात सहभागी झालेल्यांपैकी केवळ ११ टक्के लोकांना कुलपाच्या चिन्हाचा नेमका अर्थ सांगता आला होता. त्याचा परिणाम म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने संगणकावरील आपल्या आवृत्तीतून कुलूप काढून टाकले आणि तिथे दोन छोट्या सरकपट्ट्यांचे साधे चिन्ह ठेवले. अनेक ठिकाणी मात्र ‘कुलूप पाहा आणि निर्धास्त राहा’ असे फलक अजून लागलेले दिसतात. ते उतरवायला हवेत.

मग पाहायचे काय? पत्ता पाहायचा, आणि तो शेवटाकडून वाचायचा. आपल्याकडे पाकिटावर आधी नाव, मग मु. पो., मग तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितात. मु. पो. वडगाव एवढ्यावरून काही कळत नाही, कारण वडगावे पुष्कळ आहेत. तालुका आणि जिल्हा वाचल्यावरच कोणते वडगाव ते ठरते. संकेतस्थळाचा पत्ताही असाच रचलेला असतो. सुरुवातीची दुहेरी तिरपी रेघ सोडून द्यावी, त्यानंतरची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडे जे आहे तिथून मागे वाचत यावे. समजा, कुणी ‘अमुक डॉट इन’ हे नाव काही शे रुपयांत विकत घेतले. मग त्याला ‘भक्तनिवास डॉट देवस्थान डॉट अमुक डॉट इन’ असा पत्ता करण्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. आपली नजर डावीकडच्या ओळखीच्या शब्दांवर खिळते, आणि मालक तर उजवीकडे बसलेला असतो. शेवटी ‘डॉट को डॉट इन’ किंवा ‘डॉट गव्ह डॉट इन’ अशी जोडी असेल तर त्या जोडीच्या लगेच डावीकडचा शब्द मालकाचा समजावा. मोबाइलवर पत्त्याची पट्टी अरुंद असते, म्हणून तिच्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून पाहावा लागतो. तेवढे कष्ट पैसे भरण्यापूर्वी नक्की घ्यावेत.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने केलेले एक काम मला फार मोलाचे वाटते आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने जाहीर केले, की भारतातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा स्वतंत्र शेवट असेल. आणि पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे तिकडे हलवावीत असे ठरवून दिले. ही नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्थाच करते आणि ती बँकांनाच देते. ‘डॉट कॉम’ किंवा नुसते ‘डॉट इन’ कुणालाही मिळते, ‘डॉट बँक डॉट इन’ मिळत नाही. पाकिटावरच्या जिल्ह्याच्या जागी आता बँकांसाठी असा एक जिल्हा तयार झाला आहे, की जिथे बाहेरच्याला घर घेता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवायला यापेक्षा सोपी खूण मला ठाऊक नाही. देवस्थाने, वीज कंपन्या, रुग्णालये यांच्यासाठी मात्र असे काही नाही.

मावशी त्या खोट्या पत्त्यावर पोहोचली कशी, हेही मी तिच्या फोनवर पाहिले. तिने पत्ता टाइप केलाच नव्हता. तिने देवस्थानाचे नाव आणि ‘रूम बुकिंग’ असे शोधले आणि सर्वांत वर आलेल्या दुव्यावर बोट ठेवले. त्या दुव्याच्या वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते. म्हणजे भामट्याने शोधयंत्राला पैसे मोजून आपली पाटी पहिल्या जागी लावून घेतली होती. एप्रिल २०२५ मध्ये गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथचे हेलिकॉप्टर आणि चारधामच्या यात्रेकरूंसाठीची निवासस्थाने यांच्या नावाने चालणाऱ्या अशाच बनावट आरक्षणांबद्दल सावध केले होते. त्यातही शोधयंत्रातील प्रायोजित दुव्यांचा उल्लेख होता. यात्रेला निघालेला माणूस श्रद्धेने आणि थोड्या घाईने शोधत असतो, त्याला तारखा चुकवायच्या नसतात, आणि फसवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

या टप्प्यावर तिचा दुसरा प्रश्न पहिल्याला येऊन मिळतो, कारण ‘प्रायोजित’ दुवा तिच्यासमोर आणणारी आणि नंतर गुडघ्याचे पट्टे दाखवणारी यंत्रणा एकच आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मूळ संवाद विसराळू असतो. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरून जातो. दुसरे पान मागितले की तुम्ही त्याच्या लेखी नवे पाहुणे असता. दुकानाच्या टोपलीत काय ठेवले आहे हे लक्षात राहायचे तर काही खूण हवी, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकीची युक्ती काढली. देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा पितळी बिल्ला म्हणजे कुकी. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, क्रमांक असतो, आणि परत आल्यावर तो दाखवला की तुमच्याच चपला मिळतात. एवढ्या वापरात काहीच वावगे नाही, आणि कुकी नसती तर प्रत्येक पानावर पुन्हा लॉगिन करावे लागले असते.

आता अशी कल्पना करावी, की पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी, अक्कलकोट अशा सर्व ठिकाणचे चप्पल स्टँड एकाच कंत्राटदाराकडे आहेत आणि तो तुम्हाला पहिल्या ठिकाणी दिलेला बिल्ला पुढच्या प्रत्येक ठिकाणी मागून पाहतो. देवस्थाने वेगवेगळी आहेत, त्यांना एकमेकांकडच्या भाविकांची माहिती नाही. पण कंत्राटदाराला मात्र ठाऊक आहे, की क्रमांक ४७१२ चा माणूस सोमवारी कुठे होता, गुरुवारी कुठे होता, कुठे पाच मिनिटे थांबला आणि कुठे दोन तास बसला. हा कंत्राटदार म्हणजे ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तो तिसरा पक्ष. तुम्ही त्याच्या दारी कधी गेलेला नसता, आणि तरी तो प्रत्येक दारात उभा असतो.

हे मी मावशीला प्रत्यक्ष दाखवले. लॅपटॉपवर पंचांगाचे एक साधे मराठी पान उघडले, एफ १२ हे बटण दाबले आणि ‘नेटवर्क’ नावाचा भाग उघडून पान पुन्हा लोड केले. पानावर तिला दिसत होती एक तिथी, एक नक्षत्र आणि राहुकाळाची वेळ. शेजारच्या खिडकीत मात्र ओळीमागून ओळी उतरत होत्या आणि शंभरी ओलांडली तरी थांबत नव्हत्या. त्यांतली एक ओळ मी तिच्यासाठी उघडली. ती एका चित्राची मागणी होती. चित्राची लांबी एक बिंदू, रुंदी एक बिंदू, रंग पारदर्शक, आकार ४३ बाइट. असे चित्र डोळ्यांना दिसूच शकत नाही. पण ते मागताना ब्राउझरने त्या तिसऱ्या कंपनीला सांगितले होते, की मागणी कुठल्या संकेतस्थळावरून आली, उपकरण कोणते आहे, पडदा केवढा आहे, भाषा कोणती आहे, आणि सोबत आधी दिलेला बिल्लाही दाखवला होता. मावशीने चष्मा वर करून विचारले, ‘‘एवढ्यासाठी चित्र?’’ मी म्हणालो, ‘‘चित्र हे फक्त निमित्त आहे, मावशी. त्यांना हवा असतो तो बिल्ला.’’

जाहिरातीची जागा विकली जाते ती लिलावाने, आणि तो लिलाव पान उघडता उघडता, पापणी लवण्याच्या आत पूर्ण होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा नमुना सगळ्या खरेदीदारांसमोर ठेवतात. माल एकालाच मिळतो, पण नमुना पाहायला सगळ्यांना मिळतो. इथे नमुना म्हणजे आपण. कुठले पान वाचत आहे, अंदाजे कुठल्या गावात आहे, फोन कोणता, आधी कशात रस दाखवला, असा तपशील बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जातो आणि बोली हरलेल्यांनीही तो पाहिलेला असतो. मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते, कारण जाहिरात कुणाची लागली हे निदान दिसते, माहिती कुणाकुणाच्या हाती गेली हे कधीच दिसत नाही.

फोन आपले बोलणे ऐकतो अशी मावशीची समजूत होती, तशी ती पुष्कळांची असते. पण त्यासाठी ऐकण्याची गरजच पडत नाही. तिने शोधले होते, तिच्या पाच मैत्रिणींनी आपापल्या फोनवर तेच शोधले होते, भजनाच्या दिवशी त्या सहा जणी एकाच घरातल्या वायफायवर होत्या, आणि त्या वयाच्या बायका यात्रेच्या आधी काय विकत घेतात याचा अंदाज बांधणे मुळीच अवघड नाही.

ब्राउझरची इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकी हा यावरचा उपाय नाही, हे इथेच सांगून टाकतो. खिडकी बंद केल्यावर त्या फोनवरचा इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला ते दिसत नाही. संकेतस्थळांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला जे दिसायचे ते दिसतच राहते. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अशा वापरातून साठलेल्या प्रचंड नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. आणि नुसत्या कुकी अडवूनही सारे भागत नाही, कारण पडद्याचा आकार, संगणकावरचे फाँट, वेळेचा पट्टा अशा निरुपद्रवी गोष्टींच्या जुळणीतूनही एखादा ब्राउझर ओळखता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर असे एकमेव ठरले होते. मराठी डीटीपीसाठी शेकडो फाँट भरून ठेवलेला संगणक या कसोटीला किती चटकन उठून दिसत असेल, याचा विचार माझ्या मुद्रक मित्रांनी जरूर करावा.

ब्राउझरांनी काय केले हेही सांगायला हवे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींची स्वतंत्र बरणी केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करण्याचा शब्द दिला, तो पुढे पुढे ढकलला आणि जुलै २०२४ मध्ये मागे घेतला. आपल्याकडच्या बहुतेक फोनांवर क्रोमच असतो, म्हणून हे काम आपल्याला हाताने करावे लागते.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. ‘जाहिरात करायची आहे, तेवढा पिक्सेल टाकून द्या’ असे ग्राहक म्हणतो आणि मी चार ओळींचा कोड पानात चिकटवतो. पिक्सेल म्हणजे मावशीला दाखवले तसल्या अदृश्य चित्रासारखा माग काढणारा कोड. दहा मिनिटांचे काम. अशी कामे मी अनेक वर्षे विचार न करता केली. तीन वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या संकेतस्थळाची डागडुजी करताना माझ्या लक्षात आले, की वेळ ठरवण्याच्या पानाच्या पत्त्यातच विभागाचे नाव येते. म्हणजे वंध्यत्व उपचाराच्या किंवा मनोविकाराच्या विभागाचे पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला, त्या विभागाच्या नावासह, जाहिरात कंपनीकडे जात होता. रुग्णालयातल्या कुणालाही हे माहीत नव्हते आणि कुणाच्या मनात वाईट हेतूही नव्हता. मी त्याच दिवशी तो कोड काढला आणि व्यवस्थापनाला लेखी कळवले. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने औषधांच्या सवलती देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीवर, वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल, १५ लाख डॉलरच्या दंडाची कारवाई केली होती. ती बातमी वाचताना माझ्यासमोर ते रुग्णालयाचे पान होते.

उसन्या कोडचा धोका पाळतीपुरता मर्यादित नसतो. पॉलिफिल डॉट आयओ नावाची एक सेवा जुन्या ब्राउझरांना नवी वैशिष्ट्ये पुरवत असे आणि लाखाहून अधिक संकेतस्थळांनी तिचा कोड थेट तिच्याच पत्त्यावरून आणण्याची सोय केली होती. २०२४ मध्ये ते डोमेन, म्हणजे तो पत्ता, एका चिनी कंपनीच्या हाती गेले आणि जूनमध्ये असे उघड झाले, की तोच कोड आता मोबाइलवरच्या वाचकांना जुगाराच्या संकेतस्थळांकडे वळवतो आहे. संकेतस्थळ खरे होते, पत्ता खरा होता, कुलूपही खरे होते. दुसऱ्याच्या विहिरीतून घेतलेले पाणी तेवढे बिघडले होते. त्या आठवड्यात मी माझ्या सांभाळातल्या प्रत्येक संकेतस्थळातला बाहेरून येणारा कोड मोजला आणि निम्म्याहून अधिक काढून टाकला. एकाही दुकानाचे काही अडले नाही.

मावशीच्या फोनवर आम्ही एका दुपारी बसून जे केले ते सांगतो. सर्वांत आधी तिची बँक, वीजबिल, रेल्वे, गॅस आणि ते देवस्थान यांचे खरे पत्ते पासबुकावरून, बिलावरून आणि देवस्थानाच्या छापील पावतीवरून घेऊन बुकमार्क केले, आणि यापुढे ही पाच कामे शोध घेऊन करायची नाहीत असे ठरवले. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एक मोठा आहे. मग क्रोममध्ये थर्ड पार्टी कुकी अडवल्या, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलच्या ‘ॲड्स’ या भागात जाऊन जाहिरातीचा ओळख क्रमांक काढून टाकला. नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी तिने नकळत सतरा संकेतस्थळांना दिलेली होती. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे जे संदेश तिला घाबरवत, ते त्यांपैकीच एकाकडून येत होते. ती परवानगी काढल्यावर ते थांबले. पासवर्ड फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवले. त्याचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही: पासवर्ड मॅनेजर पानाचे रूप पाहत नाही, पत्ता पाहतो. बँकेचे पान हुबेहूब दिसत असूनही पासवर्ड आपोआप भरला जात नसेल, तर तिथेच थांबावे. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइली उघडायच्या नाहीत, हे तिला आधीच ठाऊक होते.

कायद्याचा भाग थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांतील बरीचशी बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. त्यात मला विशेष आवडलेली तरतूद अशी, की संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. आठव्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे इंग्रजीतली चाळीस परिच्छेदांची सूचना आणि खाली ‘मान्य’ असे बटण, एवढ्यावर पुढे भागणार नाही.

म्हणून माझ्या ग्राहकांसाठी मी मराठी सूचना लिहायला घेतल्या आहेत. पहिली सूचना एका कापड दुकानाची होती. तिच्यात मी लिहिले होते, ‘आपली माहिती सेवासुधारणेच्या हेतूने निवडक त्रयस्थ पक्षांना पुरवली जाऊ शकते.’ मसुदा मावशीला वाचायला दिला. ती त्या वाक्यावर थांबली आणि म्हणाली, ‘‘त्रयस्थ म्हणजे कोण? नाव लिही की.’’ मी ते वाक्य खोडले आणि त्या जागी तीन कंपन्यांची नावे लिहून प्रत्येकीला नेमके काय जाते ते नावासमोर लिहिले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी तो मसुदा दोनदा वाचला, तिसऱ्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, ही कंपनी आपल्यासाठी काय करते? मी शोधून पाहिले. २०१९ मधल्या एका जाहिरातीसाठी तो कोड टाकलेला होता आणि जाहिरात संपल्यापासून त्याचा कुणाला काहीच उपयोग नव्हता; गिऱ्हाइकांची माहिती मात्र रोज जात होती. तो कोड मी त्यांच्यासमोरच काढला. सूचनेत आता दोन नावे आहेत.